पाठ टेकल्यानंतर

कुस्तीच्या फडात एक क्षण असा येतो, की त्यानंतर कुणाला काही विचारावे लागत नाही. खालच्या गड्याचे दोन्ही खांदे मातीला टेकतात, पंच हात वर करतो, हलगी कडाडते आणि फेटे हवेत उडतात. वरचा गडी तिथल्या तिथे बाजूला होतो. पुष्कळदा तो खालच्याला हात देऊन उठवतो, त्याच्या पाठीची माती झाडतो आणि मग आपल्या वस्तादाच्या पाया पडायला धावतो. पाठ टेकली, कुस्ती झाली. पडणे हा त्या खेळाचा शेवट.

हा नियम आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की तो कुणीतरी केलेला नियम आहे हेच आपल्या ध्यानात येत नाही. शाळेच्या मैदानावर दोन पोरे एकमेकांच्या उरावर बसतात, तेव्हा भोवतीच्या घोळक्यातून कुणीतरी हमखास ओरडते, "ए, पडल्यावर मारायचं नाही हं!" हे त्या पोराला कुणी शिकवलेले नसते. निदान मी तरी शिकवलेले नाही, आणि त्याच्या पुस्तकातही असा धडा नाही. तरी त्याला ते ठाऊक असते, आणि वर बसलेल्या पोरालाही ते ठाऊक असते. कारण ती हाक ऐकताच त्याची मूठ जराशी थबकते.

आता मी ज्या माणसाची हकिकत सांगणार आहे, त्याचे अर्धे आयुष्य या नियमाप्रमाणे गेले आणि उरलेले अर्धे बरोबर याच्या उलट. पहिल्या अर्ध्यात गडी पडला की काम संपत असे. दुसऱ्या अर्ध्यात गडी पडला की कामाला सुरुवात होत असे. त्याचे नाव मार्क कोलमन. तो अमेरिकेतला. आपल्या लाल मातीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. पण त्याच्या निमित्ताने जो प्रश्न उभा राहतो तो साऱ्या जगाचा आहे: पडलेल्या माणसाचे काय करावे? आणि त्या माणसाने आधीच "पडलो तरी मार" अशी परवानगी देऊन ठेवली असेल, तर हा प्रश्न मिटतो की नाही?

नीतिशास्त्राचे मोठे ग्रंथ मी वाचलेले नाहीत. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या मास्तराला जेवढा विचार करता येतो तेवढाच मी करणार आहे. वाचकहो, चकलीचा तुकडा मोडता मोडता माझ्याबरोबर थोडे चला, एवढीच विनंती.

कोलमनचा जन्म १९६४ च्या डिसेंबरातला, ओहायो राज्यातल्या फ्रीमॉन्ट नावाच्या गावचा. अमेरिकेत कुस्ती शाळा-कॉलेजांतून वाढते. आपल्याकडे तालमीला वस्ताद असतो, तसा तिथे कॉलेजला प्रशिक्षक असतो. आपल्याकडे गावोगावच्या जत्रेत फड भरतो, तशा तिथे कॉलेजा-कॉलेजांमध्ये लढती होतात. कोलमन आधी मायामी विद्यापीठाकडून खेळला. हे मायामी समुद्रकाठचे शहर नव्हे. ओहायोतच या नावाचे एक विद्यापीठ आहे. पुढे तो ओहायो स्टेट विद्यापीठात गेला आणि १९८८ साली १९० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ८६ किलोंच्या गटात सर्व अमेरिकेच्या कॉलेज-कुस्तीचा विजेता झाला. १९९१ साली बल्गेरियातल्या वार्ना येथे जागतिक स्पर्धेत त्याने रौप्यपदक मिळवले. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये मात्र तो सातवा आला. १९९६ च्या ऑलिंपिकसाठी अमेरिकेचा संघ निवडला गेला, तेव्हा त्यात त्याला जागा मिळाली नाही.

त्या वेळी तो एकतीस वर्षांचा होता. कुस्तीगिराच्या आयुष्यात एकतीस म्हणजे संध्याकाळ. जगातला दुसऱ्या क्रमांकाचा मल्ल म्हणून मिरवलेला माणूस आता करणार काय? मुष्टियुद्ध करणाऱ्याला तिथे धंदा होता, फुटबॉलवाल्याला होता, बास्केटबॉलवाल्याला होता. खऱ्या कुस्तीला धंदा नव्हता. दूरचित्रवाणीवर 'कुस्ती' म्हणून जे दाखवत असत ते ठरवून केलेले नाटक होते. वीस वर्षे घाम गाळून कमावलेली विद्या अंगात होती, आणि ती विकत घेणारा कुणी नव्हता.

इथे मला आपले खाशाबा जाधव आठवतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायचे तर पैसे नव्हते, तेव्हा त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले, १९८४ साली अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. मिरवणूक काढायला आपल्याला फार वेळ लागत नाही. मिरवणूक संपल्यावर त्या माणसाच्या घरी चूल कशी पेटते, हे पाहायला मात्र आपल्याला सवड नसते. याबाबतीत कराड आणि ओहायो यांत मला फारसे अंतर दिसत नाही.

कोलमनला गिऱ्हाईक भेटले. १९९३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात एक नवीच स्पर्धा सुरू झाली होती. नाव अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप. अष्टकोनी जाळीचा पिंजरा, आत दोन माणसे. कुणी कराटेवाला, कुणी मुष्टियोद्धा, कुणी मल्ल. प्रत्येकाने आपली विद्या वापरावी आणि कुणाची विद्या श्रेष्ठ ते ठरवावे. चावायचे नाही, डोळ्यांत बोटे घालायची नाहीत. बाकी जवळजवळ सगळे चालत असे. पुढे याच प्रकाराला मिक्स्ड मार्शल आर्ट्स हे नाव रूढ झाले. १२ जुलै १९९६ रोजी अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात कोलमन या पिंजऱ्यात उतरला आणि एका रात्रीत तिघांना हरवून विजेता झाला. सप्टेंबरात त्याने दुसरी स्पर्धा जिंकली. फेब्रुवारी १९९७ मध्ये तो त्या स्पर्धेचा पहिला हेवीवेट अजिंक्यवीर ठरला.

त्याने केले काय? कॉलेजात जे केले तेच. समोरच्याचा पट काढला आणि त्याला पाडले. इथपर्यंत आपला कुठलाही वस्ताद मान डोलावील. पण कॉलेजात पाठ टेकल्यावर शिट्टी वाजत असे. इथे शिट्टी वाजत नव्हती. पाडलेल्या गड्याच्या उरावर बसून त्याने मुठींनी तोंडावर मारायला सुरुवात केली. हात गुंतलेले असले तर त्याने आपले कपाळ खालच्याच्या चेहऱ्यावर आदळले. या पद्धतीला तिकडे 'ग्राउंड अँड पाउंड' म्हणतात. आपल्या भाषेत 'पाडा आणि कुटा'. कोलमनला या पद्धतीचा जनक मानतात. कुस्ती जिथे हात देऊन उठवते, बरोबर त्याच जागेपासून याने पुढचा रस्ता काढला.

हे वाचून घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी पडली असेल. अमेरिकेतही पडली. मॅकेन नावाच्या सिनेटरने या प्रकाराला माणसांची कोंबडझुंज म्हटले आणि राज्याराज्यांत बंदीचा आग्रह धरला. कोलमनची अजिंक्यपदाची लढत न्यूयॉर्क राज्यात ठरली होती. ऐन वेळी ती अलाबामातल्या डोथन या गावी हलवावी लागली. निषेध करणे सोपे आहे, आणि सोपे आहे म्हणूनच मी तिथे थांबणार नाही. दुसऱ्या बाजूचे वकीलपत्र घेऊन पाहू.

पहिली गोष्ट, कोंबड्याला कुणी विचारत नाही. इथे दोघेही सज्ञान, दोघांनीही सही केलेली. दुसरी गोष्ट, त्या खेळात खालच्या गड्याच्या हातात एक विलक्षण सत्ता असते. त्याने तळहाताने दोन-तीन वेळा थापटले, की लढत त्या क्षणी संपते. कुस्तीत शेवट पंच ठरवतो. इथे पडलेला माणूस स्वतः ठरवू शकतो. यात त्याचा मान अधिकच राखला जातो, असे कुणी म्हटले तर त्याला उत्तर काय द्यायचे? तिसरी गोष्ट तर आपल्या सगळ्या समजुतीलाच हात घालते. पाठ टेकली म्हणजे माणूस पडला, हे कुणी सांगितले? १९९३ च्या त्या पहिल्याच स्पर्धेत रॉयस ग्रेसी नावाचा ब्राझीलचा शेलाटा तरुण जिंकला. त्याच्या विद्येत पाठीवर निजणे ही हार नसून लढण्याची एक जागा होती. खाली पडून, वरच्याला पायांच्या कैचीत धरून, तो त्याचा हात किंवा गळा आवळत असे. खुद्द कोलमनचे अजिंक्यपद गेले ते असेच. जुलै १९९७ मध्ये मॉरिस स्मिथ याने त्याच्याखाली पडून राहून त्याचा जोर संपू दिला. कोलमन दमला आणि पंचांच्या निकालावर हरला. रशियाच्या फ्योदोर येमेल्यानेन्कोने तर २००४ साली आणि पुन्हा २००६ साली, खाली पाठीवर असतानाच कोलमनचा हात कैचीत धरून त्याला हार मानायला लावली. आपल्या फडात त्या दोन्ही वेळा हलगी कोलमनच्या नावाने वाजली असती!

चौथी गोष्ट, आपला इतिहास तरी कुठे एवढा सोवळा आहे? म्हैसूरच्या दसऱ्यात जेट्टी मल्लांची वज्रमुष्टी होते. बोटांत अणकुचीदार मूठ घालून दोघे लढतात आणि एकाच्या डोक्यातून रक्ताचा थेंब आला की लढत थांबवतात. आणि महाभारत? भीमाने गदायुद्धाचा नियम मोडून दुर्योधनाच्या मांडीवर प्रहार केला हे आपण सगळे सांगतो. त्यानंतर त्याने पडलेल्या दुर्योधनाच्या मस्तकाला लाथ मारली हे सांगताना आपण जरा घाईने पुढे जातो. ज्या भीमाचे नाव घेऊन आपण पोरांना दूध पाजतो, त्यानेच हे केले.

वकीलपत्र इथे संपले. बाजू लंगडी नव्हती, हे वाचक कबूल करतील. तरीही माझे मन मानत नाही, आणि का मानत नाही ते मला स्वतःला नीट समजून घ्यायचे आहे.

'पडलेला' या शब्दाचा अर्थ नियमाने बदलतो, हे खरे. खेळ जसा प्रौढ झाला तसे तिथेही नियम आले. १९९७ साली कपाळाचे प्रहार बंद झाले. वजनाचे गट आले, फेऱ्या आल्या, हातमोजे आले. आज तिथला पंच लढत थांबवतो ती खालचा माणूस स्वतःचा बचाव करू शकेनासा झाला म्हणजे. पाठीवर आहे पण लढतो आहे, तो पडलेला नव्हे. बचाव संपला, तो पडलेला. व्याख्या म्हणून ही आपल्या व्याख्येपेक्षा शहाणीच म्हणावी लागेल. पण एक फरक राहतो. कुस्तीची रेषा प्रहाराच्या अलीकडे आहे. इथली रेषा कुठे आहे हे ती ओलांडल्यावरच समजते. माणूस बचाव करू शकत नाही हे पंचाला कळते केव्हा, तर बचाव न झालेले दोन-चार ठोसे त्याच्या डोक्यात बसल्यावर. त्या दोन-चार ठोशांचा हिशेब कुठल्या वहीत मांडायचा?

तो हिशेब शरीर मांडून ठेवते. १९९६ च्या त्या पहिल्या रात्री कोलमनने ज्या तिघांना हरवले त्यांत गॅरी गुडरिज हा एक होता. तो पुढे कित्येक वर्षे या खेळात आणि किकबॉक्सिंगमध्ये लढत राहिला. २०१२ साली, डोक्यावर वर्षानुवर्षे बसलेल्या मारामुळे त्याच्या मेंदूला आजार जडल्याचे निदान झाले. त्याने ते जगापासून लपवले नाही. विस्मरणाविषयी तो मोकळेपणाने बोलला. तो आजार कोलमनच्या मुठींनी दिला असे मी म्हणत नाही. कुठल्या एका ठोशाचे नाव त्यावर लिहिता येणारच नाही. पण सही करणारा तिशीचा धट्टाकट्टा माणूस आणि विसरणारा पुढचा माणूस, या दोघांत ओळख तरी किती असते? पहिल्याने दुसऱ्याच्या वतीने सही केली. दुसऱ्याला कुणी विचारले नव्हते.

संमतीचा हा मला दिसलेला पहिला दुबळेपणा. दुसरा मला दाखवला तो त्याच खेळातल्या एका टॉवेलने.

१ मे २००० रोजी जपानमध्ये टोकियो डोमच्या अवाढव्य सभागृहात प्राइड नावाच्या संस्थेच्या मोठ्या स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. सोळा जणांतून आठ उरले होते आणि एका रात्रीत विजेता ठरायचा होता. कोलमन आता पस्तिशीचा होता. मधल्या काळात तो लागोपाठ हरला होता आणि लोकांनी त्याला मोडीत काढले होते. उपांत्य फेरीत त्याच्यासमोर जपानचा काझुयुकी फुजिता आला. आधीच्याच लढतीत फुजिता जायबंदी झालेला. तरी तो रिंगणात आला, उभा राहिला, घंटा झाली. आणि दोन सेकंदांत त्याच्या कोपऱ्यातून टॉवेल फेकला गेला. लढत संपली. फुजिताची संमती होती. तो चालत आला होता, थापटायला त्याचा हात मोकळा होता. तरीही त्याच्या बाजूच्या माणसांनी ठरवले, की याचे 'हो' आम्हाला मान्य नाही. इतक्या कठोर खेळानेही हा टॉवेल आपल्या नियमांत ठेवला आहे. म्हणजे लढणाऱ्याचा शब्द शेवटचा नसतो, त्याच्यापाशी त्याच्यावर माया करणारे कुणीतरी लागते, हे त्यालाही मान्यच आहे की!

त्या रात्री कोलमन जिंकला. अंतिम लढतीत युक्रेनच्या इगोर वोव्हचांचिनने खाली पडल्यावर बसणारे गुडघ्यांचे तडाखे सोसवेनात तेव्हा हार मानली. मग कोलमन लहान मुलासारखा रिंगणभर धावत सुटला, दोरावर उडी मारायला गेला आणि पडला. ते दृश्य मी पाहिले आहे. पोटासाठी नाइलाजाने इथे आलेला माणूस असे मला त्याच्याविषयी म्हणवत नाही. गरजेने त्याला दाराशी आणले असेल. आत तो स्वतःच्या आनंदाने नाचला. माणसाची गरज आणि माणसाची आवड एकाच ताटात कालवलेली असतात. वेगळी काढून दाखवा म्हटले तर त्याला स्वतःलाही जमणार नाही.

तिसरा दुबळेपणा मात्र सगळ्यांत खोल आहे. २१ ऑक्टोबर २००६ रोजी लास व्हेगासमध्ये फ्योदोरकडून दुसऱ्यांदा हरल्यावर कोलमनचा चेहरा सुजून ओळखू न येण्यासारखा झाला होता. लढत संपल्यावर त्याच्या दोन चिमुकल्या मुली रिंगणात आल्या आणि बापाचे तोंड पाहून रडू लागल्या. तो त्यांना कवेत घेऊन सांगत राहिला, की बाबाला काही झालेले नाही. ज्याने मारले तो फ्योदोरही जवळ उभा होता. पुष्कळ लोक त्या वेळी कोलमनवर रागावले. पोरींना तिथे आणायचेच कशाला, म्हणाले. मला उलटेच वाटते. त्या हजारोंच्या सभागृहात झालेल्या गोष्टीकडे सरळ डोळ्यांनी पाहणाऱ्या त्या दोघीच होत्या. बाकीचे सगळे लढत पाहत होते. त्या आपला बाप पाहत होत्या.

आपले शरीर आपल्या एकट्याच्या मालकीचे असते, असे आपण आजकाल फार सहज म्हणतो. पण आपल्याकडचे कुठलेही घर पाहा. धाकट्याला ताप आला तर थोरलीची झोप जाते. बाप पडला तर आईचा हात मोडल्यासारखा होतो. शरीर हे वडिलार्जित शेतासारखे आहे. सातबाऱ्यावर नाव एकाचे असले तरी त्यात खाणारी तोंडे अनेक. दोघांनी आपसांत करार केला, तर तो त्या दोघांपुरता खरा. त्या दोन मुलींनी कुठल्या कागदावर सही केली होती?

माझ्या वर्गात तालमीत जाणारा एक मुलगा आहे. एकदा मधल्या सुट्टीत त्याने मला विचारले, "सर, कुस्तीत पैसा नाही. पिंजऱ्यातल्या मारामारीत हाय. तिकडं गेलं तर वाईट का?" मी म्हणालो, "तुझ्या आईला विचारलंस का?" तो म्हणाला, "आई म्हणती, सरांना विचार." आता यावर काय बोलावे? हरियाणाच्या प्रसिद्ध फोगट घराण्यातली रितू फोगट २०१९ साली कुस्ती सोडून याच खेळात गेली, हे त्याला ठाऊक होते. मी त्याला नको म्हणालो. पण ते 'नको' म्हणताना मला फार हलके वाटले, आणि हलके शब्द माझ्या व्यवसायाला शोभत नाहीत. त्याच्या खुराकाचे दूध आणि बदाम यांचा खर्च मी देणार नव्हतो. त्याच्या पुढच्या नोकरीची हमी माझ्यापाशी नव्हती. जो समाज मल्लाची मिरवणूक काढतो आणि त्याला भाकरी देत नाही, त्याला "हे विकू नकोस" असे सांगण्याचा अधिकार किती? जे विकत घेणारे आहेत ते कुस्तीतली देखणी डावपेचांची कला विकत घेत नाहीत. त्यातला दुखवणारा भाग तेवढा घेतात, कारण आम्ही प्रेक्षक त्याचेच तिकीट काढतो.

त्या बाजाराचे आकडे बोलके आहेत. ज्या संस्थेचा कोलमन पहिला हेवीवेट अजिंक्यवीर, ती २००१ साली २० लाख डॉलरना विकली गेली होती. २०१६ साली ती सुमारे ४०० कोटी डॉलरना विकली गेली. त्याच २०१६ साली कमरेच्या सांध्यावरच्या उपचारांच्या खर्चासाठी कोलमनकरिता चाहत्यांकडून वर्गणी गोळा करावी लागली. २०१० साली, पंचेचाळिशीत, त्याची शेवटची लढत झाली होती. २०२० साली त्याला हृदयविकाराचा झटका आला.

आणि मग १२ मार्च २०२४ ची पहाट आली. कोलमन फ्रीमॉन्टला आईवडिलांच्या घरी झोपला होता. घराला आग लागली. त्याच्या हॅमर नावाच्या कुत्र्याने भुंकून त्याला उठवले. एकोणसाठ वर्षांच्या त्या माणसाने धुरातून आपल्या म्हाताऱ्या आईला आणि वडिलांना बाहेर काढले आणि कुत्र्यासाठी तो पुन्हा आत गेला. कुत्रा वाचला नाही. स्वतः कोलमन बेशुद्ध झाला, इस्पितळात त्याची प्राणाशी झुंज चालली, आणि तो त्यातून उठला.

कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला इथे फार मोठा मोह होतो. "ज्या बाहूंनी आयुष्यभर माणसे पाडली, त्याच बाहूंनी शेवटी माणसे उचलली, ती सारी ताकद या एका पहाटेसाठीच होती" असे लिहून पडदा टाकावा, असे वाटते. मी टाकणार नाही. आईबापांना आगीतून काढायला कपाळाचे प्रहार शिकावे लागत नाहीत. हमालाचा मुलगाही ते करतो, कारकुनाचाही करतो. त्या पहाटेने पिंजऱ्यातले सगळे बरोबर ठरत नाही, आणि पिंजऱ्यातल्या कुठल्याही गोष्टीने ती पहाट उणी होत नाही. एवढेच त्यातून घ्यावे, की माणसाचा धंदा पाहून माणसाची किंमत करू नये, आणि माणूस चांगला निघाला म्हणून त्याच्या धंद्याला प्रमाणपत्र देऊ नये.

मग पडलेल्या माणसाचे काय करावे? याचे उत्तर मला शोधायला लांब जावे लागले नाही. ते या सणातच आहे. परवा पाडव्याला आपण ज्याची आठवण काढतो, तो बळीराजा पडलेला आहे. आपला हा सगळ्यांत उजेडाचा सण, आणि त्यात एक अख्खा दिवस आपण पराभूताच्या नावाने ठेवला आहे. आणि बळी कसा पडला? त्याची संमती होती. तिसरे पाऊल ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा त्याने आपले मस्तक स्वतः होऊन पुढे केले. वामनाच्या पायाखाली तो गेला तो आपल्या शब्दाखातर. करार पुरा झाला होता. वामनाने म्हटले असते की माझे काम संपले, तर त्याला बोल लावायला जागा नव्हती.

पण पुराणकार तिथे थांबत नाही. तो सांगतो, की पाताळात गेलेल्या बळीच्या दाराशी विष्णू द्वारपाल होऊन उभा राहिला. जिंकणारा हरलेल्याच्या दारात पहारा करीत राहिला. ज्या कुणाला ही कथा सुचली, त्याला संमतीचे मर्म पुरते कळलेले असले पाहिजे. समोरच्याने मान पुढे केली, म्हणून पाऊल ठेवणारा मोकळा होत नाही. उलट, त्या क्षणापासून तो त्याचा देणेकरी होतो.

या कसोटीवर मी त्या खेळाकडे पाहतो, तेव्हा मला तो बंद करा असे म्हणावेसे वाटत नाही. बंदीने तो तळघरात जाईल एवढेच. मी विचारीन ते इतकेच, की द्वारपाल कुठे आहेत? ज्यांनी कोट्यवधी मिळवले ते त्या मोडक्या कमरेच्या आणि विसरत्या मेंदूच्या दाराशी उभे आहेत काय? कोपऱ्यात टॉवेल धरलेल्या माणसाची रोजीरोटी लढत चालू राहण्यावर अवलंबून तर नाही ना? आणि ज्यांनी तिकीट काढले, टाळ्या वाजवल्या, ते आपण? हाच प्रश्न आपल्या फडालाही विचारता येईल. आपल्याकडे पाठ टेकल्यावर कुणी मारत नाही, हे भूषणच आहे. पण चाळिशीनंतर घरी बसलेल्या, गुडघे गेलेल्या किती मल्लांच्या दाराशी त्यांचे गाव उभे असते?

त्या मुलाला मी परत बोलावले आहे. दिवाळीनंतर त्याच्या वस्तादांना, गावातल्या दोन-चार कर्त्या माणसांना आणि त्याच्या आईला एकत्र बसवून, त्याच्या खुराकाचे आणि शिक्षणाचे काय करता येईल ते बघायचे असे ठरवले आहे. जमेल की नाही, सांगता येत नाही. तो शेवटी पिंजऱ्यात गेलाच तर तेही त्याचे त्याने ठरवावे. पाडव्याला घरोघरी बळीचे राज्य यावे म्हणून ओवाळतील, तेव्हा त्या दाराशी उभ्या राहिलेल्याचीही थोडी आठवण ठेवावी, असे मला वाटते.